एका रेपोत तेवीस फंक्शन्स: डिपेंडन्सी कशा बांधता, चाचण्या नक्की कशाच्या घेता?

रानजाई · बुधवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मिळून सातारा-सांगली भागातल्या काही दूध संघांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गावातल्या संकलन केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) यंत्रातून थेट एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये येतं. तिथून पुढे सगळी पायथनची लॅम्डा फंक्शन्स (सर्व्हर न सांभाळता एडब्ल्यूएसवर गरजेपुरता चालणारा कोड): दर काढणं, शेतकऱ्याला एसएमएस, दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब, संघाला पीडीएफ. एकूण २३ फंक्शन्स, रेपो (कोडचं कोठार) एक, रिक्वायरमेंट्स फाइलही (लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्यांची, म्हणजे डिपेंडन्सींची यादी) एकच.

गेल्या आठवड्यात पीडीएफसाठी एक लायब्ररी वाढवली आणि उलगडलेलं पॅकेज २५० एमबीच्या वर गेलं. डिप्लॉय (कोड एडब्ल्यूएसवर चढवणं) अडलं. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नको त्या दोन लायब्रऱ्या काढल्या आणि माझ्या मॅकवर डॉकर (मशीनपासून वेगळ्या कंटेनरमध्ये कोड चालवणारं साधन) चालू नव्हता म्हणून कंटेनरमध्ये बांधायची सेटिंग बंद करून पॅकेज बांधलं. डिप्लॉय झालं. २१४ च्या २१४ चाचण्या हिरव्या. झोपले.

पहाटे पाचला केंद्रं उघडली आणि एकही फंक्शन उठलं नाही. सगळ्यांच्या लॉगमध्ये तेच: मोड्यूल इम्पोर्ट होत नाही, इनव्हॅलिड ईएलएफ हेडर. सव्वासहाला जुनी आवृत्ती परत चढवली. केंद्रावरच्या यंत्रात नोंदी राहतात, त्यामुळे कुणाचं दूध हिशेबातून गेलं नाही. पण थंडीत किटली घेऊन आलेली माणसं मेसेजची वाट बघत थांबली होती आणि त्यांना तोंड द्यायला गावचे सचिव उभे होते. ते माझ्या मनातून जात नाहीये.

म्हणून विचारते. प्रत्येक फंक्शनला वेगळी रिक्वायरमेंट्स फाइल ठेवता की सगळ्यांना मिळून एक? आणि २१४ चाचण्यांना जे दिसलं नाही ते दिसावं म्हणून तुम्ही काय करता?

---

सह्यवेडा · बुधवार, रात्री १०:४०

रानजाई, कारण सरळ आहे. क्रिप्टोग्राफीसारख्या लायब्रऱ्यांच्या पोटात कंपाइल केलेला कोड असतो. मॅकवर पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या आणणारं साधन) मॅकचं व्हील (लायब्ररीचं तयार पॅकेज) आणलं, लॅम्डा लिनक्स आहे, तिला ती फाइल वाचताच येत नाही. तुमचं सामाईक मोड्यूल टोकन तपासायला ते इम्पोर्ट करत असणार, म्हणून तेवीसच्या तेवीस एकदम बसली.

आणखी एक खड्डा पुढे आहे, आत्ताच सांगून ठेवतो. नव्या मॅकची चिप एआरएम आहे. डॉकर चालू करून बांधलंत तरी मुद्दाम सांगितल्याशिवाय तो एआरएम लिनक्सची व्हील्स आणतो. तुमची फंक्शन्स एक्स८६ वर असतील तर पुन्हा तोच प्रसंग, फक्त एररचे शब्द वेगळे.

यावर डॉकरशिवायही उपाय आहे. पिपला प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगायचा, मेनीलिनक्स २०१४ (बहुतेक लिनक्सवर चालणाऱ्या व्हील्सचं मानक) आणि एक्स८६, आणि सोबत ‘फक्त तयार बायनरी घे’ हा पर्याय द्यायचा. मग एखाद्या लायब्ररीचं तसं व्हीलच नसेल तर पिप तिथेच थांबतो. रात्री अकराला थांबलेलं पहाटे पाचला पडण्यापेक्षा परवडतं.

---

गवतीचहा · बुधवार, रात्री १०:४४

वाचनखूण साठवली. आमच्याकडे १७ फंक्शन्स आहेत आणि फाइल एकच. आज झोप लागणार नाही.

---

अनघा_र · बुधवार, रात्री ११:३०

सह्यवेडा यांना अनुमोदन, त्यात थोडी भर. पायथनची आवृत्ती बघा. लॅम्डावर पायथन ३.११ पर्यंतचं रनटाइम अ‍ॅमेझॉन लिनक्स २ वर आहे, तिथे ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२६. पायथन ३.१२ पासून अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३, ग्लिबसी २.३४. आता बऱ्याच लायब्रऱ्या ग्लिबसी २.२८ धरून व्हील्स काढतात. ती व्हील्स ३.११ वाल्या फंक्शनवर चालत नाहीत. तुमच्या उबुंटूवर चालतात, सीआयमध्ये (कोड आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा) चालतात, लॅम्डावर नाही.

आता मूळ प्रश्न. मी वेगळ्या फाइल्सच्या बाजूची. पॅकेज फंक्शनगणिक वेगळं बांधायची सोय सर्व्हरलेस फ्रेमवर्कमध्ये आहे, ती चालू करा. एसएमएस पाठवणाऱ्या फंक्शनने पीडीएफची लायब्ररी का वाहून न्यायची? कोल्ड स्टार्टला (थंड फंक्शन पहिल्यांदा उठायला) फरक पडतो, आणि २०२५च्या ऑगस्टपासून तर इनिट टप्प्याचा (सुरुवातीच्या तयारीचा) वेळही बिलात धरतात.

---

भाऊसाहेब_नाशिककर · गुरुवार, सकाळी ७:०५

अनघाताई, इथे मी असहमत. वेगळ्या फाइल्स आम्ही दोन वर्षं करून पाहिल्या. ३१ फंक्शन्स, ३१ फाइल्स. सुरक्षेचा पॅच आला की एक माणूस दिवसभर फाइल्स उघडतोय. वर्षभरात रिक्वेस्ट्स या लायब्ररीच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या नांदत होत्या. सामाईक मोड्यूल तर एकच, ते यातल्या कुठल्या आवृत्तीवर तपासायचं? कुणाला सांगता येईना.

माझं मत: आवृत्त्या एकाच ठिकाणी ठरवा.

---

अनघा_र · गुरुवार, सकाळी ८:५०

भाऊसाहेब, हा मुद्दा पटला, आणि दोन्ही एकत्र जमतं. आमची सध्याची मांडणी अशी: पायप्रोजेक्ट फाइलमध्ये डिपेंडन्सींचे गट. ‘सामाईक’, ‘पीडीएफ’, ‘हिशेब’, ‘चाचणी’. लॉकफाइल (प्रत्येक लायब्ररीची ठरलेली आवृत्ती लिहिणारी फाइल) मात्र संपूर्ण रेपोला एकच. बांधताना प्रत्येक फंक्शनसाठी त्याच लॉकमधून त्याच्यापुरते गट बाहेर काढायचे. आम्ही यूव्ही (पिपसारखं साधन) वापरतो, त्याला निर्यात करायला सांगितलं की हॅशसकट यादी मिळते. पोएट्रीतही गट आहेत. पिप-टूल्सवर असाल तर कंपाइल करताना एक सामाईक मर्यादा-फाइल द्या, तेच साधतं.

म्हणजे आवृत्ती एकदाच ठरते आणि ओझं ज्याचं त्यालाच.

---

मुंबईचा_बबन · गुरुवार, सकाळी ९:१५

लेअर (फंक्शन्सना सामाईक जोडायचं लायब्रऱ्यांचं पॅकेज) करा की. सगळ्या जड लायब्रऱ्या एका लेअरमध्ये टाका, फंक्शन्स हलकी राहतील.

---

सह्यवेडा · गुरुवार, सकाळी ९:४०

बबनराव, एका फंक्शनला जास्तीत जास्त ५ लेअर जोडता येतात आणि २५० एमबीची मर्यादा लेअर धरूनच मोजतात. अपलोड हलकं होतं, फंक्शन हलकं होत नाही. शिवाय लेअरला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असतो. फंक्शन नव्या कोडवर आणि लेअर जुनीच, हे आमच्याकडे घडलंय. पांडाससारखं जड काही तीन-चार फंक्शन्सना लागत असेल तर लेअर योग्य. सगळ्यांना म्हणून नको.

---

केतकी_बर्लिन · गुरुवार, दुपारी १:२०

कंटेनर इमेजचा (सिस्टिमसकट बांधलेलं पॅकेज) विचार केलाय का? डिसेंबर २०२० पासून लॅम्डा १० जीबीपर्यंतची इमेज घेते. आमच्या पीडीएफच्या फंक्शनला फॉन्ट आणि देवनागरी जोडाक्षरं नीट बसवणाऱ्या सिस्टिम लायब्रऱ्या लागायच्या, त्या झिपमध्ये कोंबताना जीव गेला. इमेजमध्ये दोन ओळींत झालं. बाकीची फंक्शन्स झिपच ठेवली. तुमच्याही पीडीएफवर शेतकऱ्यांची नावं मराठीत असणार ना?

---

रानजाई · गुरुवार, दुपारी २:०२

हो, मराठीतच. ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज्ञ’ फुटला म्हणूनच ती लायब्ररी बदलली होती. केतकीताई, हा एकाच फंक्शनपुरता मार्ग मला फार आवडला.

---

भाऊसाहेब_नाशिककर · गुरुवार, दुपारी ३:३०

रानजाई, बोटो थ्रीसुद्धा (पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलणारी लायब्ररी) लॉकमध्ये घ्या. रनटाइममध्ये ते आयतं मिळतं म्हणून बरेच जण यादीत लिहीत नाहीत. आम्हीही लिहीत नव्हतो. २०२३च्या मे महिन्यात युआरएललिबथ्रीची (रिक्वेस्ट्सच्या खाली चालणारी लायब्ररी) २.० आवृत्ती नुकतीच आली होती. आमच्या यादीत फक्त ‘रिक्वेस्ट्स’ होतं, आवृत्ती न बांधता. त्याच्या पाठोपाठ नवं युआरएललिबथ्री पॅकेजात आलं. लॅम्डा आधी आपलं पॅकेज बघते, नंतर रनटाइम. मग रनटाइममधल्या बोटोकोअरने (बोटो थ्रीचा गाभा) त्या नव्या युआरएललिबथ्रीकडे ‘डिफॉल्ट सायफर्स’ मागितले, ते तिथून काढून टाकलेले होते. आमच्या कोडचं एक अक्षरही बदललं नव्हतं आणि फंक्शन पडलं.

लायब्ररी लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. मोठी आवृत्ती होती, आम्ही ती न वाचता आत घेतली. त्या दिवसापासून अप्रत्यक्ष डिपेंडन्सीसकट सगळं बांधून ठेवतो.

---

शब्दवेल्हाळ · गुरुवार, सायंकाळी ६:१०

अवांतर: ‘डिपेंडन्सी’ला चांगला मराठी शब्द आहे का? ‘अवलंबित्व’ वाचलं की सरकारी परिपत्रक आठवतं.

---

माईंची_सून · गुरुवार, सायंकाळी ६:२५

विरजण म्हणा. शेजारून आणायचं, चमचाभरच असतं, पण अख्खं पातेलं कसं लागणार ते त्यावर ठरतं. धागाही दुधाचाच आहे :)

---

भाऊसाहेब_नाशिककर · गुरुवार, सायंकाळी ६:४०

माईंच्या सूनबाई, फार नेमकं. आणि लॉकफाइल म्हणजे कुणाकडून, कोणत्या दिवशी आणलेलं विरजण त्याची वही.

---

पोस्टमनकाका · गुरुवार, रात्री ९:००

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, डिपेंडन्सीत तो मागे पडतोय.

रानजाई, तुमच्या चाचण्यांमध्ये मॅजिकमॉक (खऱ्या सेवेच्या जागी ठेवायची नकली वस्तू) किती आहे ते मोजा. मॅजिकमॉक कशालाही हो म्हणतो. डायनॅमोडीबीचं (एडब्ल्यूएसचा डेटाबेस) टेबल मॉक करून त्यात फॅट ४.२ म्हणून फ्लोट लिहिलात तर चाचणी हिरवी. खऱ्या बोटो थ्रीचं टेबल फ्लोट घेतच नाही, डेसिमल द्या म्हणून एरर देतं. तुमचा तर सगळा व्यवहारच दशांशाचा.

मोटो (एडब्ल्यूएसची नक्कल करणारी चाचणीची लायब्ररी) वापरा. ते एचटीटीपीच्या पातळीवर अडवतं, त्यामुळे बोटो थ्रीचा खरा कोड चालतो आणि असली चूक लॅपटॉपवरच पकडली जाते. पाचव्या आवृत्तीपासून सगळ्या सेवांना मिळून एकच डेकोरेटर आहे, लिहायलाही सुटसुटीत.

---

अनघा_र · गुरुवार, रात्री ९:३५

काका, मोटो चांगलं आहेच, पण ते आयएएम (एडब्ल्यूएसमधले प्रवेशाचे अधिकार) परवानग्या तपासत बसत नाही, मुद्दाम चालू केल्याशिवाय. आमच्याकडे मोटोवर हिरवं आणि प्रत्यक्षात ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असं दोनदा झालं. फंक्शनच्या रोलला नव्या टेबलावर लिहायची परवानगीच नव्हती. म्हणून खऱ्या खात्यात, वेगळ्या स्टेजवर, थोड्या तरी चाचण्या हव्यातच. आम्ही ९ ठेवल्यात. चार मिनिटं लागतात.

---

पोस्टमनकाका · गुरुवार, रात्री ९:५०

हे मान्य. माझा आग्रह एवढाच की हिशेबाची चाचणी घ्यायला एडब्ल्यूएस लागूच नये. हँडलर (लॅम्डा सर्वांत आधी बोलावते तो कोड) दहा ओळींचा ठेवा: इव्हेंट उलगडा, साधं फंक्शन बोलवा, उत्तर परत द्या. दर काढणारं फंक्शन लिटर, फॅट, एसएनएफ घेतं आणि रुपये देतं. त्याला ढगाची काय गरज? तुमच्या २१४ पैकी दीडशे तरी अशा असाव्यात, त्या दोन सेकंदांत संपतात.

आणि एक तारखेचं. लॅम्डाचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) चालतं. पहाटे ५:१० ला घातलेलं दूध म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ११:४०. कोडमध्ये कुठे ‘आजची तारीख’ साधेपणाने घेतली असेल तर साडेपाचच्या आधी आलेल्यांचं दूध कालच्या तारखेला, नंतरच्यांचं आजच्या. रांग एकच आणि तारखा दोन. लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, तिथे हे कधीच दिसणार नाही. चाचण्या चालवतानाच टाइमझोन यूटीसी ठेवा आणि फ्रीझगनने ११:४० ला घड्याळ थांबवून तपासा.

---

रानजाई · गुरुवार, रात्री १०:०५

काका, आत्ता कोड उघडून बघितला. नोंदीची तारीख यंत्राकडून येते, ती बरोबर आहे. पण पगाराचा दहा दिवसांचा टप्पा ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये ‘आजची तारीख’ आहे. ते पहाटे चालत नाही म्हणून वाचलो. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

---

कृष्णाकाठ · शुक्रवार, सकाळी १०:३०

कऱ्हाडचा आहे, म्हणून हा अनुभव लिहितोच.

एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) फाइल आली की लॅम्डाला जो इव्हेंट मिळतो, त्यात फाइलचं नाव युआरएलसारखं गुंडाळलेलं असतं. रिकाम्या जागेचं अधिक चिन्ह होतं, देवनागरी अक्षरांची टक्क्यांची चिन्हं आणि आकडे होतात. ते अनक्वोट-प्लसने उलगडावं लागतं. आमच्या चाचणीतला नमुना इव्हेंट हाताने लिहिलेला होता, त्यात फाइलचं नाव साधं इंग्रजी, एका शब्दाचं. चाचणी हिरवी. प्रत्यक्षात ‘कऱ्हाड यादी’ नावाची फाइल आली आणि फंक्शन म्हणालं, अशी फाइलच नाही.

उलगडणं घातलं. तरी एका ऑफिसातून आलेली फाइल सापडेना. स्क्रीनवर नाव तंतोतंत तेच. शेवटी अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापून बघितले. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध एकच अक्षर, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. जुन्या मॅकवर फाइलचं नाव फोडून साठवलं जायचं, आणि त्या ऑफिसात तसाच एक मॅक होता. डोळ्यांना एकच शब्द, एस-थ्रीला दोन वेगळ्या फाइल्स. गावांच्या यादीशी जुळवण्याआधी नाव एनएफसीमध्ये (युनिकोडचं एकसंध रूप) आणलं आणि सुटलं. मूळ फाइल उचलताना मात्र जसं आलं तसंच नाव वापरायचं.

तेव्हापासून नमुना इव्हेंट हाताने लिहीत नाही. खऱ्या लॉगमधून उचलतो, माणसांची नावं आणि मोबाइल नंबर बदलतो आणि चाचण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवतो. सध्या ४० आहेत. एकेका इव्हेंटमागे एकेक दिवस गेलेला आहे.

---

गवतीचहा · शुक्रवार, सकाळी १०:४५

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’... सगळीकडे हे लागू.

---

मुंबईचा_बबन · शुक्रवार, दुपारी १२:१५

एक राहिलं. एसक्यूएसची (एडब्ल्यूएसची मेसेज-सेवा) साधी रांग तोच मेसेज दोनदा देऊ शकते. प्रत्येक हँडलरला तोच इव्हेंट लागोपाठ दोनदा देऊन बघा आणि टेबलात नोंद एकच राहते का ते तपासा. दूध दोनदा मोजलं गेलं तर शेतकरी खूश होईल, संघ नाही.

---

नवखी_पुणे · शुक्रवार, दुपारी ४:००

मी सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेय, सगळं वाचतेय. खूप शिकायला मिळालं. पण आमच्याकडे यातलं काहीच नाही. एका दिवसात एकच गोष्ट करायची झाली तर कुठली करू?

---

सह्यवेडा · शुक्रवार, दुपारी ४:३५

नवखी, बांधलेलं पॅकेज तपास. रेपोतला कोड नाही, जी झिप वर जाणार आहे ती.

लॅम्डाची पायथन बेस इमेज सगळ्यांना खुली आहे. सीआयमध्ये ती घे, त्यात झिप उलगड, आणि प्रत्येक फंक्शनचा हँडलर नुसता इम्पोर्ट कर. अजून काही नाही. इव्हेंट नको, मॉक नको. हँडलर्सची नावं कॉन्फिगच्या फाइलमधून वाच, म्हणजे नवं फंक्शन आपोआप यादीत येतं. वीस ओळींची स्क्रिप्ट होते. फक्त आर्किटेक्चर तेच ठेव, जे डिप्लॉयला आहे.

रानजाईंची ती पहाट या वीस ओळींनी रात्री अकरालाच थांबवली असती.

---

नवखी_पुणे · शुक्रवार, दुपारी ४:५०

दादा, इम्पोर्ट करताना एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल नाही म्हणून पडलं तर?

---

सह्यवेडा · शुक्रवार, सायंकाळी ५:१०

मग तुला दोन गोष्टी कळल्या. कॉन्फिगमध्ये ते व्हेरिएबल लिहिलेलं आहे का ते बघ. लिहिलं असेल तर चाचणीत तिथूनच उचल, नसेल तर चूक सापडली. आपल्या मनाने खोटी किंमत भरू नकोस, नाहीतर तीच चूक झाकली जाईल.

---

रानजाई · पुढचा मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी, पाच दिवसांत जे जमलं ते सांगते.

सह्यवेडा यांची वीस ओळींची चाचणी सर्वांत आधी घातली, आमची सत्तावीस ओळींची झाली. पहिल्याच फेरीत २३ पैकी दोन फंक्शन्स लाल! आणि ती त्या दिवशी परत चढवलेल्या ‘चालू’ आवृत्तीतली. दोन्ही महिन्यातून एकदाच चालतात, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. एकात रिक्वेस्ट्स इम्पोर्ट केलं होतं आणि आमच्या यादीत रिक्वेस्ट्स नव्हतंच. लॅपटॉपवर चालत होतं, कारण चाचण्यांसाठी घेतलेलं मोटो स्वतःच्या गरजेला रिक्वेस्ट्स आणतं. म्हणजे चाचणीची हत्यारंच चाचणीला खोटं सांगत होती. दुसऱ्याला लागणारी एक लायब्ररी मागेच एकदा कुणीतरी यादीतून काढली होती. ही एक तारखेला पडली असती.

डिपेंडन्सीचं अनघाताई आणि भाऊसाहेब दोघांचं ऐकलं: लॉक एक, गट पाच, पॅकेजेस वेगळी. एसएमएसचं पॅकेज उलगडून १९ एमबी भरलं. पीडीएफ कंटेनर इमेजवर नेतोय, अजून झालेलं नाही. ‘ज्ञ’ नीट उमटतो, ‘श्री’मध्ये थोडी गडबड आहे. केतकीताई, तुम्हाला फॉन्टबद्दल विचारणार आहे.

लॅपटॉपवरून डिप्लॉय करायची परवानगी चौघांचीही काढली, माझी पहिल्यांदा.

---

केतकी_बर्लिन · मंगळवार, रात्री ११:४१

विचारा ना. ‘श्री’ फक्त ठळक अक्षरांत बिघडतोय का? तसं असेल तर इमेजमध्ये फॉन्टची ठळक फाइल गेलेलीच नसेल. ती आत आहे का ते आधी बघा.

---

रानजाई · बुधवार, पहाटे ५:४८

ठळक फाइल नव्हतीच. घातली, ‘श्री’ सरळ उभा राहिला. आणि आज नव्या पॅकेजेसवर पहिलं संकलन. आत्तापर्यंत ३१२ पावत्या गेल्या, रांग पुढे सरकतेय.